परसातली गोदी

गोदी खणायला एवारिस्तोने जागा निवडली ती नेमकी त्याच्या बायकोच्या, क्लेलियाच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिथे तिची संत्र्याची सहा झाडं होती. जानेवारीतल्या एका सकाळी त्याने कुऱ्हाड घेतली आणि दुपारपर्यंत सहाही आडवी केली.

"झाडं काय, परत लावता येतील," संध्याकाळी जेवताना तो म्हणाला. "काठाचा असा उतार दुसरीकडे कुठे आहे सांग!"

क्लेलियाने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि खुर्ची फिरवून दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसली.

पाराना नदी समुद्राला मिळण्याआधी शेकडो फाट्यांनी फुटते, त्यातल्या एका आडबाजूच्या ओढ्यावर त्यांचं घर होतं. घर खांबांवर, समोर लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली बोट. बोटीचं नाव 'पोर्फियादा', म्हणजे हट्टी. नाव एवारिस्तोनेच ठेवलं होतं. ते ऐकून क्लेलिया तेव्हा म्हणाली होती, "स्वतःचंच नाव द्यायचं होतं तर सरळ द्यायचंस की!" इथे राहायला आले तेव्हाची ही गोष्ट, तिला तेहतीस वर्षं झाली. शहराला जायचं, दवाखान्यात जायचं, पोपलरची लाकडं विकायची, लग्नाला जायचं की मयताला, सगळं या बोटीतून. बोट नसली की माणूस बेटावर, आणि बेट पाण्यात.

लाकडी बोटीला दर तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तिचा तळ खरवडावा लागतो, फटींतला काथ्या बदलावा लागतो, डांबर द्यावं लागतं. त्यासाठी ते सान फेर्नांदो शहरातल्या एका बोटीच्या कारखान्यात जात. काम तीन आठवडे चाले. तेवढे दिवस दोघं तिथेच राहणाऱ्या मुलीकडे, मिर्ताकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत. मागच्या खेपेला त्या कारखान्याच्या मालकाने बोटीच्या तळावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "आजोबा, आता हिला जाळा आणि फायबरची घ्या." घरी परतल्यावर धक्क्यावर दोर बांधताना एवारिस्तो म्हणाला, "परत त्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी घरीच गोदी बांधतो. पाणी बाहेर काढायचं, बोट कोरडी, आरामात काम. कुणाच्या बापाची भीती नाही."

तीन वर्षांतले ते तीन आठवडे क्लेलियाचे होते. कोपऱ्यावर ताजा पाव मिळे. नळ सोडला की स्वच्छ पाणी. फुटपाथवर मैलभर चाललं तरी पायाला चिखल लागत नसे. वर्षानुवर्षं ती मनात म्हणत असे, आता एक वर्ष राहिलं, आता सात महिने. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता घरीच गोदी झाली म्हणजे बेटाबाहेर पडायला कारणच उरणार नव्हतं.

"मी त्या खड्ड्यात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "पंप मारायला सांगू नकोस, माती उचलायला सांगू नकोस. तुझं तू बघ."

"नको ठेवूस," तो म्हणाला. "मी कुठे म्हणतोय?"

अडुसष्टाव्या वर्षी त्याने एकट्याने अडीच महिने खणलं. ओढ्यापासून घरापर्यंत नऊ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि पुरुषभर खोल. बाजूंना विलोच्या लाकडाच्या मेखा ठोकून वर फळ्या मारल्या, तळाला आडवी लाकडं टाकली. ओढ्याच्या तोंडाशी जाड फळ्यांचं दार केलं आणि सांध्यांत चिकणमाती भरली. दाराच्या तळाशी, मनगटापेक्षा जरा जाड असं एक लोखंडी नळकांडं बसवलं आणि आतून त्याला लाकडी बूच मारलं. काम संपल्यावर बूच काढायचं, पाणी आत येणार, बोट तरंगणार, मग दार काढायचं. खणलेल्या मातीचा ढीग खिडकीइतका उंच झाला. भांडी घासताना क्लेलियाला आधी ओढा दिसे, आता माती दिसू लागली.

एप्रिलमध्ये भरतीला बोट आत घेतली. दार लागलं. त्याने दोन दिवस हातपंप मारून पाणी उपसलं. क्लेलिया वरून बघत होती. बोट ओंडक्यांवर बसली, दोन्ही बाजूंनी टेकू लागले, आणि एवारिस्तोने वर बघून विजयी मुद्रेने टोपी हलवली. तिने खिडकी लावून घेतली.

त्यानंतर तीन महिने ती घर, कोंबड्या आणि शेड एवढ्यातच फिरत राहिली. लहान होडी होती, पण तिच्या गुडघ्यांना आता वल्ही मारायची सवय राहिली नव्हती. ओढ्याच्या पुढच्या वळणावर लाडिस्लाओ नावाचा शेजारी राहत असे. तो आठवड्यातून एकदा आपल्या मोटरबोटीतून पीठ, तेल आणि चहासारखी प्यायची येर्बा आणून देई.

"काय शेजारीणबाई, अजून कैदेत?" तो धक्क्यावरून ओरडे.

"जेलर मरेपर्यंत," ती उत्तर देई.

खालून हातोड्याचा आवाज येत राही.

जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला होता. चौथ्या दिवशी आग्नेयेचा वारा सुटला. तिकडे त्याला सुदेस्तादा म्हणतात. हा वारा समुद्राकडून नदीच्या तोंडावर येऊन उभा राहतो, नदीला बाहेर पडू देत नाही, आणि मग सगळं पाणी मागे ओढ्यांमधून चढत जातं. सकाळी रेडिओवर सांगितलं की दुपारी तीनपर्यंत पाणी चढत राहील, सखल भागातल्या लोकांनी काळजी घ्यावी.

"आज खाली जाऊ नकोस," क्लेलिया म्हणाली.

"दार पाण्यापासून चांगलं माझ्या छातीइतकं वर आहे," तो बूट चढवत म्हणाला. "उजवी बाजू पूर्ण झालीय. खालची एक फळी डांबरायची राहिलीय, ती उरकतो. डाव्या बाजूच्या फटी रिकाम्या करून ठेवल्यात, त्या उद्या."

दहाच्या सुमारास ती पावसाळी दिवसांत करायच्या पुऱ्या तळत होती. चरबी घालून मळलेल्या कणकेचा गोळा परातीत होता. खालून ब्रशचा डबा सरकल्याचा आवाज आला, मग एक धप्प. मोठा नव्हे. पिठाचं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. ती थांबली. वाऱ्याचा आवाज होता, पावसाचा होता, बाकी काही नाही. तिने कढई चुलीवरून उतरवली.

"एवारिस्तो?"

"इथेच आहे," खालून आवाज आला. "कुठे जाणार?"

त्या आवाजात काहीतरी होतं. ती अकरा पायऱ्या कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. गोदीच्या काठावरून तिने पाहिलं. पावसाने तळ मऊ झाला होता, उजवीकडचे ओंडके चिखलात खचले होते, टेकू निसटला होता, आणि बोट ओंडक्यांवरून घसरून उजव्या कुशीवर कलंडली होती. एवारिस्तो पाठीवर पडला होता. त्याचा डावा पाय मोकळा होता. उजवा गुडघ्याखाली बोटीच्या पोटाखाली गेला होता.

"दुखतंय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाही, म्हातारे. मला तेच आवडत नाहीये."

ज्या खड्ड्यात पाय ठेवणार नाही म्हणाली होती त्यात ती शिडीवरून उतरली. पाणी घोट्याला लागलं. थंडी हाडात शिरली. दाराच्या फटींमधून ओढा आत पाझरत होता, ठिकठिकाणी पाण्याच्या बारीक धारा लागल्या होत्या.

तिने शेडमधून जॅक आणला. खाली फळी ठेवून त्यावर जॅक लावला, दांडा फिरवला. बोट जागची हलली नाही, फळी मात्र चिखलात बुडत गेली आणि शेवटी जॅक वाकडा होऊन पडला. मग तिने पोपलरचा सोट आणला, तो बोटीच्या कडेखाली घालून सगळं अंग त्यावर टाकलं. बोट बोटभर उचलली गेली आणि आणखी पुढे घसरली. एवारिस्तो ओरडला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, तो असा ओरडलेला तिने कधी ऐकला नव्हता.

"परत नको," तो श्वास सावरल्यावर म्हणाला. "परत नको करूस."

"मी लाडिस्लाओला आणते."

"वल्हवत? या वाऱ्यात? जायला तास लागेल."

"मग हाक मारते."

बेटावर फोन नव्हता; धक्क्यावर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, अडीअडचणीला वाजवायचा. तिने हातोड्याने तो बडवला, हात भरून येईपर्यंत बडवला. पण लाडिस्लाओचं घर वाऱ्याच्या बाजूला होतं, आणि वारा आवाज उचलून उलटा, निर्मनुष्य बेटांवर नेऊन टाकत होता. परत येऊन बघते तर गोदीतलं पाणी पोटरीपर्यंत आलेलं, आणि एवारिस्तो कोपरांवर उठून टेकलेला.

ती पंपाला लागली. वर-खाली, वर-खाली. दहा मिनिटांत पाणी चढायचं थांबलं. पंधरा मिनिटांत जरा उतरलं. हात थांबले की परत चढे. पंप सोडून लाडिस्लाओकडे जावं तर मागे पाणी भरणार. पंप मारत राहावं तर मदत आणायला कुणी नाही. हे तिला कळलं तरी तिचे हात चालूच राहिले.

"क्लेलिया."

"बोलू नकोस. गरम राहा."

"दाराकडे बघ."

तिने बघितलं. बाहेर ओढ्याचं पाणी दाराच्या वरच्या कडेपासून हातभर खाली होतं. सकाळी छातीइतकं खाली होतं.

"तीनपर्यंत चढणार आहे," तो म्हणाला. "आता अकरा वाजले असतील. काठावरून आत पडायला लागलं की सगळं एकदम पडेल. दारच उखडेल कदाचित. तेव्हा तुझा पंप काही कामाचा नाही."

"मग काय करू? सांग ना! ही तुझी अक्कल होती, आता तूच सांग!"

त्याचे ओठ निळे पडले होते.

"पाणी आत घे," तो म्हणाला.

तिला वाटलं थंडीने त्याचं डोकं फिरलं.

"ऐक. बोट रिकामी आहे. इंजिन शेडमध्ये आहे. बाहेरून एक पांढरी रेघ दिसतेय ना, तिथपर्यंत पाणी आलं की ती तरंगते. तरंगली की माझा पाय सुटला. हळूहळू घेऊ, नळकांड्यातून. आपणहून घेऊ. ओढा अंगावर येण्याआधी."

"आणि तू? तू काय मासा आहेस?"

"मोज," तो म्हणाला.

तिने काठी घेतली. पांढऱ्या रेघेपासून तळापर्यंत काठी धरली, खूण केली. मग त्याच्याजवळ गेली. बोटीचं पोट त्याच्या मांड्यांवर झुकलेलं असल्यामुळे त्याला सरळ बसता येत नव्हतं, हातांवर रेलून मागे टेकता येत होतं, तेवढंच. तिने काठी त्याच्या हनुवटीला लावली. खूण हनुवटीच्या खाली आली. तिने बोटं ठेवून बघितली. चार बोटं.

"किती?" त्याने विचारलं.

"चार बोटं."

"पुष्कळ झाली."

"चार बोटं म्हणजे पुष्कळ?"

"तुझी बोटं जाड आहेत," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण दात वाजायला लागले.

आधी डाव्या बाजूच्या फटी बुजवणं भाग होतं, नाहीतर बोट तरंगण्याऐवजी भरली असती. नशिबाने ती बाजू वर आली होती. त्याने खालून सांगितलं, तिने केलं. काथ्याच्या दोऱ्या फटीत घालायच्या, बोथट छिन्नी ठेवून हातोड्याने ठोकायच्या. पहिल्या तीन-चार वेळा हातोडा तिच्या अंगठ्यावरच बसला.

"हळू. ठोकू नकोस, बसव. आत झोपव त्याला."

"तीन महिने ऐकतेय मी तुझं ठोकणं. मला शिकवू नकोस."

काथ्या संपला. तिने चादर फाडून आणली, चरबीत बुडवून ठोकली. चादर संपली तरी नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाशी, दोन हात फट उरली. ती धावत वर गेली, परातीतला कणकेचा गोळा उचलून आणला आणि अंगठ्याने फटीत भरला.

"हे काय आहे?"

"दुपारचं जेवण."

या वेळी तो खरंच हसला. पाणी आता त्याच्या कमरेला होतं.

तिने पंपाच्या रबरी नळीचा तुकडा कापून त्याच्या खिशात खोचला. नाकातोंडाशी पाणी आलंच तर श्वासापुरता. मग ती दाराशी गेली, वाकली, पाण्यात हात घालून बूच चाचपलं.

"क्लेलिया," तो म्हणाला, "एकदा काढलंस की परत बसणार नाही. जोर फार असतो."

"माहीत आहे."

"म्हणजे मग परत विचार करता येणार नाही."

तिने बुचाला हातोड्याने दोन्ही बाजूंनी ठोकलं. ते सैल झालं. तिच्या मनात त्या क्षणी देव नव्हता, मुलगी नव्हती. सान फेर्नांदोच्या कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाचं काचेचं दार तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने डोळे मिटून बूच ओढलं.

पाण्याचा लोट नळकांडं भरून आत आला आणि तिला मागे लोटून गेला. ती उठली, पाण्यातून चालत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं. आता बघत राहण्याशिवाय काही काम नव्हतं. पाणी तपकिरी होतं, त्यात पोपलरची पानं, लाकडाचे ढलपे आणि डांबराचा ब्रश गोल फिरत होते. पोटापर्यंत आलं. छातीपर्यंत आलं. तो मोठमोठे श्वास घेऊ लागला. ती पांढऱ्या रेघेकडे बघत होती. रेघ कलंडलेली असल्यामुळे एक टोक पाण्यात गेलं होतं आणि दुसरं वरच होतं, त्यामुळे नक्की किती उरलं ते कळत नव्हतं.

"हलतेय का?" त्याने विचारलं.

"हलतेय," ती खोटं बोलली.

गळ्यापर्यंत आलं. पाणी हनुवटीला लागलं. चार बोटं संपली, आणि बोट तिथेच होती.

"चिखल," तो म्हणाला. त्याने मान जितकी मागे जाईल तितकी नेली होती. "चिखलाने धरलीय तिला. हलव. खालून पाणी शिरायला..."

पाणी त्याच्या ओठांवर आलं. तिने नळी त्याच्या तोंडात दिली आणि दुसरं टोक वर धरलं. पण नळी धरायची तर बोट हलवता येणार नव्हती, आणि बोट हलवायची तर नळी सोडावी लागणार होती. त्याने डोळ्यांनी सांगितलं, जा. तिने त्याचाच हात वर ओढून त्यात नळीचं टोक दिलं, मुठीत बंद केलं, आणि त्याला सोडलं.

बोटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिने पाठ फळ्यांना लावली, पाय मेखांना टेकवले आणि रेटलं. सोडलं, रेटलं. सोडलं, रेटलं. गुडघ्यात कळा आल्या. ती काहीतरी ओरडत होती, शिव्या असाव्यात, बोटीला, नवऱ्याला, बेटाला, ज्या दिवशी 'हो' म्हणाली त्या दिवसाला. तिला तिथून त्याचा फक्त हात दिसत होता, पाण्याबाहेर उभा, मुठीत काळी नळी. मग तो हातही हळूहळू कलला. तिने डोकं मागे टेकवून पुन्हा एकदा रेटलं, आणि तळातून एक लांब, ओला, चिखलातून बूट उपसताना येतो तसा आवाज आला. तिची पाठ एकदम मोकळी झाली. बोट उठली होती. ती डुलत सरळ झाली आणि एखाद्या म्हशीसारखी सावकाश दुसऱ्या बाजूला सरकली.

क्लेलियाने पाण्यात बुडी मारली. हाताला त्याची कॉलर लागली.

तो खोकला. खूप वेळ खोकला. तो खोकतोय एवढंच तिला पुरेसं होतं. तिने त्याला काखेत धरलं आणि गोदीच्या भिंतीशी उभी राहिली. वर चढवायची ताकद तिच्यात उरली नव्हती, पण त्याची गरजही नव्हती. पाणी चढत होतं. ते दोघांनाही हळूहळू उचलत काठापर्यंत घेऊन आलं आणि काठाशी आल्यावर तिने फक्त त्याला बाजूला ओढलं. थोड्या वेळाने तर अंगणातही पाणी आलं. घोटाभर पाण्यातून त्याला ओढत तिने जिन्यापर्यंत नेलं, चौथ्या पायरीवर बसवलं आणि घरातली सगळी ब्लँकेटं त्याच्यावर टाकली. त्याच्या पायाकडे तिने एकदा बघितलं, परत बघितलं नाही.

अडीच वाजता लाडिस्लाओ आपणहून आला. पाणी वाढलं की शेजाऱ्यांच्या धक्क्यांवर चक्कर मारायची त्याची सवय होती. तोवर अंगणात गुडघ्याच्या वर पाणी चढलं होतं; त्याची मोटरबोट सरळ अंगणात, जिन्यापर्यंत आली.

"देवा!" तो म्हणाला. "अरे, हे काय करून घेतलंस?"

"गोदी," एवारिस्तो म्हणाला.

पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. मग मिर्ताच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर, मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये त्याला ठेवलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे आणि तिच्यावर एक बंद पडलेलं एअर कंडिशनरचं खोकं.

क्लेलियाला हवं होतं ते सगळं आता मिळालं होतं. कोपऱ्यावर पाव होता, नळाला पाणी होतं. पहिले दहा दिवस ती रोज फुटपाथवरून चालून आली. परत आल्यावर एवारिस्तो त्याच भिंतीकडे बघत असे. तो तक्रार करत नव्हता. जेवण मागत नव्हता, दिलं तर खात होता. एके दिवशी तिने त्याची उशी सारखी केली तेव्हा तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "तू मला तिथून सोडवलंस आणि इथे आणून अडकवलंस."

तिला राग आला.

"तेहतीस वर्षं," ती म्हणाली, "तेहतीस वर्षं मी तिथे अशीच भिंतीकडे बघतेय. तुला कधी दिसलं?"

त्याने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, खरंखुरं. तिला कळलं की त्याला खरंच दिसलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

मग त्याने विचारलं, "कारखान्यात बोट टाकायचो तेव्हा... तू खूश असायचीस. ते यामुळे होतं का?"

"यामुळे."

"आणि मी गोदी खणली."

"आणि तू गोदी खणलीस."

तो रडला. ती रडली नाही, पण खाटेच्या कडेवर बसून राहिली.

सप्टेंबरमध्ये लाडिस्लाओने निरोप पाठवला की गोदीत बोट पाण्यात उभी आहे, कणकेची फट उंदरांनी की माशांनी खाल्लीय, अर्ध्याहून जास्त बोट भरलीय, आता काही केलं नाही तर कुजेल. मिर्ता म्हणाली विकून टाका, जळणाच्या भावाने का होईना. एवारिस्तो म्हणाला, "तुझी आई म्हणेल तसं."

तिने बेटावर जाऊन यायचं ठरवलं. दोन दिवसांसाठी गेली आणि पाच आठवडे राहिली. लाडिस्लाओने दाराला नवी माती लावून दिली, नळकांड्यात नवं बूच मारलं आणि पंपाला लहान इंजिन जोडून दिलं. या वेळी बोट ओंडक्यांवर ठेवली नाही. तळाला सिमेंटचे ठोकळे टाकले, दोन्हीकडे चार-चार टेकू लावून ते दोरांनी बांधले. दर शनिवारी मिर्ताच्या घरी फोन करायला ती लाडिस्लाओच्या मोटरबोटीतून एका दुकानापर्यंत जाई आणि एवारिस्तो तासभर सांगे. कोणती फळी आवाजाने ओळखायची, काथ्या किती पिळायचा, डांबर किती गरम. ती कागदावर लिहून घेई. खाली वाकून बोटीच्या पोटाखाली जायची पाळी आली तेव्हा मात्र ती दोन दिवस गेलीच नाही. काठावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी लाडिस्लाओला म्हणाली, "तू इथे उभा राहा. काही करू नकोस. नुसता उभा राहा." आणि गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी लाडिस्लाओच्या मदतीने इंजिन परत बसवून तिने बोट बाहेर काढली आणि एकटीने सान फेर्नांदोपर्यंत चालवत आणली. सार्वजनिक धक्क्याला बांधून तीन मजले चढून गेली.

"खाली उभी आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"हट्टी."

एवारिस्तो तीन मजले बसूनच उतरला. एक एक पायरी, आखडलेला पाय पुढे धरून. मिर्ता पुढे-मागे करत ओरडत होती, "बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? आई, तू तरी सांग ना!" अर्धा तास लागला. बोटीत बसल्यावर त्याने डाव्या बाजूच्या फटींवरून बोट फिरवत नेलं, नाळेपासून मागेपर्यंत.

"इथे जरा जास्त ठोकलंस," तो म्हणाला.

"पाण्यात ढकलू का?"

त्याने हात काढून घेतला.

त्यांनी असं ठरवलं होतं की थंडीचे चार महिने मिर्ताकडे काढायचे आणि बाकीचे बेटावर. ठरवलं क्लेलियाने, आणि तो नाही म्हणाला नाही. मिर्ताने सुकाणूशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. वाऱ्याने तिचे केस सुटले होते, हातांना डांबर होतं.

"आई, तुला तर तिथून सुटायचं होतं ना?"

"हो," क्लेलिया दोर सोडत म्हणाली. "अजूनही आहे."

तिने इंजिन चालू केलं आणि एवारिस्तोला डोकं खाली घ्यायला सांगितलं, कारण पुलाखालून जायचं होतं.